इंजिन चोरीचं नव्हतं, खराबही नव्हतं

जुन्या गाडीचं इंजिन बदललं आणि नंतर गाडी सुरू व्हायला त्रास द्यायला लागली, की संशय पहिल्यांदा इंजिनवरच जातो. साहजिक आहे. कालपर्यंत जे नव्हतं ते आज आलंय, म्हणजे दोष त्याचाच. सुनेसारखं असतं ते.

आमच्या गावात जानेवारीत हेच झालं. फक्त प्रकरण गाडीवर थांबलं नाही, म्हणून लिहितोय. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम टाकत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

अण्णा आमच्याकडचे पेपर लाइनवाले. साठी ओलांडलेली. पहाटे तीन-साडेतीनला स्टँडवर गठ्ठे उतरतात, ते उचलून अकरा गावांना टाकायचे आणि सातच्या आत परत यायचं. पस्तीस वर्षं हेच. माझी बातमी त्या अकरा गावांत पोचते ती अण्णांच्या गाडीतून, त्यामुळे या प्रकरणात मी अगदीच तिऱ्हाईत आहे असं म्हणणार नाही. गाडी १९९९ ची मारुती ओम्नी, कार्बोरेटरवाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. कंपनीने ही गाडी २०१९ मध्ये बनवायची बंद केली, पण तालुक्याच्या गावांत ती अजून दूध, भाजी, मंडपाचं सामान आणि शाळेची पोरं वाहतेय. अण्णांनी २०२४ ला पाच हजार फी भरून नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. हीच फी २०२२ च्या एप्रिलच्या आधी सहाशे रुपये होती. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे माणसाने जुनी गाडी हौसेने ठेवलेली नाही. नवी घेणं परवडत नाही आणि धंद्याला तिच्यावाचून चालत नाही.

डिसेंबरात रेडिएटरचं पाणी उडालं, गाडी तापली, अण्णा तशीच घरापर्यंत घेऊन आले. हेड वाकलं, ब्लॉकला चीर. चाचांनी सांगितलं, याच्यावर पैसे घालू नका, काढलेलं इंजिन मिळतंय बघतो. चाचा म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतलं गॅरेज. तिथे तीस वर्षांत निम्म्या गावाच्या गाड्या होऊन गेल्या असतील. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच जातीचं इंजिन अठरा हजारांत आलं. पाच जानेवारीला बसवलं. दोन दिवस गाडी झकास चालली.

आठ तारखेच्या पहाटे चावी फिरवली तर नुसतं ‘कट्’. पुन्हा फिरवली, ‘घूं... घूं...’ आणि गप्प. स्टँडवरच्या चार पोरांनी धक्का मारला, दहा फुटांत गाडी चालू.

अण्णा अकरा वाजता गाडी घेऊन चाचांकडे गेले. चाचांनी चावी फिरवली, गाडी पहिल्या सेल्फला चालू. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. पुन्हा गॅरेजला गेले, पुन्हा चालू. चाचा म्हणाले बॅटरी उतरली असेल. नवी बॅटरी झाली, चार हजार. पहाटे पुन्हा ‘कट्’. मग कुणीतरी सांगितलं सेल्फ गेलाय. वाइंडरकडे नेऊन सेल्फ भरून आणला, अठराशे. बेंडिक्स बदललं. पहाटे पुन्हा तेच. मधेच ॲक्सिलरेटर जड लागायला लागला, म्हणून त्याची केबल बदलली. तो खर्च वेगळा, आणि त्याचा या दुखण्याशी काही संबंध आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता इथे बघा काय होतं. अण्णांना वाटायला लागलं चाचा खोटं बोलतायत, खराब इंजिन गळ्यात मारलंय आणि दुपारी काहीतरी करामत करून चालू करून दाखवतात. चाचांना वाटायला लागलं अण्णांना पैसे द्यायचे नाहीत म्हणून ही कुरबुर आहे, कारण इंजिनचे सहा हजार अजून बाकी होते. दोघंही खरं बोलत होते. गाडी पहाटे चालू होत नव्हती हे खरं, आणि दुपारी पहिल्या सेल्फला होत होती हेही खरं.

तेरा तारखेला एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओम्नीचा फोटो आला. खाली मजकूर: ‘भंगारातलं चोरीचं इंजिन बसवून गरीब पेपरवाल्याची फसवणूक. अशांकडे गाड्या देऊ नका.’ ‘अशांकडे’ म्हणजे कुणाकडे, हे गावात कुणालाही विचारावं लागलं नाही. खालच्या पंधरा-वीस प्रतिक्रियांमध्ये गाडीबद्दल फक्त दोन होत्या. बाकीच्यांत काय होतं ते मी इथे उतरवत नाही. अण्णांनी तो मजकूर टाकला नव्हता. त्यांनी चहाच्या टपरीवर त्रागा केला होता, तिथून कुणीतरी उचलला. संध्याकाळपर्यंत चाचांकडे कामाला उभी असलेली एक गाडी मालक अर्धवट उघडलेल्या अवस्थेत टोचन करून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दोन फोन आले मला. एक ग्रुपवाल्यांपैकी एकाचा, ‘सर, बातमी लावा, मोठं रॅकेट निघेल.’ दुसरा अण्णांचा. ते म्हणाले, “तू ये एकदा. मला हे असलं काही नको होतं. मला फक्त माझी गाडी पहाटे चालू व्हायला पाहिजे.”

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, दोन्ही बाजू घ्या. घेता आल्या असत्या. अण्णांचा आरोप, चाचांचा खुलासा, फोटो, तीन कॉलम. नियमात बसणारी बातमी झाली असती. आणि गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे बंदच असती.

मी आधी चोरीचं बघितलं, कारण ते कागदावर तपासता येत होतं. चाचांकडे विक्रेत्याचं बिल होतं. त्यावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स. इंजिनवर ठोकलेला नंबर मी स्वतः बॅटरी मारून वाचला. बिलातला आणि ब्लॉकवरचा एकच होता, घासल्याची खूण नव्हती. पोलीस ठाण्यात नंबर देऊन ठेवला. तक्रार नाही, नोंद नाही. पुढे जाताना एवढं सांगतो, जुनं इंजिन घेताना हे तीन कागद मागा. देत नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

राहिलं ‘खराब’. ते कागदावर दिसत नाही.

चाचांच्या मुलाने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलाय. बापलेकात कामावरून सारखं चालू असतं, चाचा कानाने काम करतात आणि पोरगं मीटरने. मी गेलो तेव्हा तो म्हणाला, “काका, एक गोष्ट कुणी लक्षातच घेत नाहीये. गाडी धक्क्याने लगेच चालू होते.”

मला त्यातलं काही कळलं नाही. त्याने समजावलं ते असं. इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, प्लगला करंट आणि सिलिंडरमध्ये दाब, आणि हे सगळं योग्य वेळेला. इंजिन बदलताना यातलं काहीही चुकू शकतं. डिस्ट्रिब्युटर एक दाता इकडेतिकडे बसला, प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या (या इंजिनाचा क्रम एक-तीन-दोन), व्हॅक्यूमची नळी लावायची राहिली, पेट्रोलची नळी हवा ओढायला लागली. पण यातलं काही असतं तर दहा फुटांच्या धक्क्यात गाडी अशी लख्ख चालू झाली नसती. ती झाली, म्हणजे इंजिन पेटायला तयार आहे. त्याला फक्त कुणीतरी फिरवायला पाहिजे. ते काम सेल्फचं. म्हणजे दोष इंजिनात नाही, बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या रस्त्यात आहे. उलट धक्क्यानेही गाडी चालू झाली नसती, तर सेल्फ-बॅटरी सोडून पेट्रोल आणि करंटच्या मागे लागायचं. एका धक्क्याने अर्धी गाडी संशयातून बाहेर निघते. आणि हा धक्का चार पोरं रोज पहाटे मारत होती!

मी विचारलं, मग दुपारी का चालू होते? तो म्हणाला, ते दुपारी नाही कळणार.

तेव्हा मी चाचांना म्हटलं, गाडी जिथे आणि जेव्हा रुसते तिथेच जाऊ. चाचा आधी तयार नव्हते. ग्रुपवरच्या मजकुरानंतर पहाटे तीन वाजता स्टँडवर अण्णांच्या गाडीशेजारी उभं राहायचं म्हणजे कुणीतरी त्याचाही फोटो काढणार, ही भीती. ती चुकीची नव्हती. मी बरोबर राहतो म्हटल्यावर आले. सतरा तारीख, पहाटेचे सव्वातीन. थंडी अशी की बोलताना वाफ निघत होती. अण्णा मफलर गुंडाळून बसलेले. दोघांत बोलणं नाही.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, पोराने बॅटरीवर मीटर लावला. १२.६ व्होल्ट. म्हणजे भरलेली. मग त्याने मीटरच्या पी-पी वाजणाऱ्या खटक्यावर अर्थ तपासली, एक टोक इंजिनच्या लोखंडाला, एक बॅटरीच्या मायनसला. वाजला. “आधी एका वायरमनने हेच केलं होतं,” चाचा म्हणाले, “तोही म्हणाला अर्थ ओके.” पोरगं म्हणालं, “अब्बा, हे रिकाम्या गाडीचं आहे. आता ओझं टाकून बघू.”

अण्णांना म्हणाला, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. सेल्फ ‘घूं’ करून अडकला. हेडलाइट मात्र जवळपास तेवढाच लख्ख. पोरगं हसलं. मला कळेना हसण्यासारखं काय. तो म्हणाला, बॅटरी बसलेली असती तर सेल्फ मारताना लाइट मिणमिणला असता. लाइट तसाच आहे, म्हणजे बॅटरीत दम आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये.

मग मोजमाप. अण्णा सेल्फ मारतायत आणि पोरगं वाचतंय, मी मोबाइलच्या उजेडात वहीत लिहितोय. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.२ व्होल्ट. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत वाया गेले ०.४. हे चालतं. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत वाया गेले ४.१.

चार पूर्णांक एक! इथे अर्धा व्होल्टसुद्धा जायला नको. सेल्फच्या वाट्याला पावणेसातच व्होल्ट उरत होते.

ज्यांना विजेचं गणित नको त्यांनी एवढंच धरा. बॅटरीतून वीज प्लसच्या जाड केबलने सेल्फकडे जाते, पण परत यायला तिला वेगळी केबल नसते. ती इंजिनच्या लोखंडातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसला येते. आता इंजिन बॉडीला नुसतं बोल्टने आवळलेलं नसतं, ते रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, हादरे लागू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. अर्थची पट्टी. सेल्फला लागणारा सगळा करंट, छोट्या गाडीतसुद्धा शंभर अँपिअरच्या आसपास, या एवढ्याशा पट्टीतून परत येतो. पट्टीच्या तारा आतून तुटल्या, चार-दोनच शिल्लक राहिल्या, तरी मीटर पी-पी वाजतो, कारण त्याला वाजायला एक तारही पुरते. टेस्ट लॅम्पही पेटतो. पण शंभर अँपिअर त्यातून जाऊ शकत नाहीत. नळाला करंगळीएवढी धार आहे म्हणून पाणी आहे असं म्हणता येतं, पण त्या धारेवर आग विझत नाही.

पोराने जंपर केबल काढली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला. “मारा अण्णा.” चोक ओढलेला होताच. एका झटक्यात गाडी चालू. केबल काढली, बंद करून पुन्हा मारला, ‘घूं’. केबल लावली, चालू. तीनदा केलं. अण्णा खाली उतरून बघत होते.

मग चाचांनी एक गोष्ट केली ती मला सगळ्यात आवडली. त्यांनी चोकच्या केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गरम होती. त्यांनी अण्णांना विचारलं, “ती ॲक्सिलरेटरची जुनी केबल कुठंय?” गाडीतच होती, मागच्या सीटखाली. तिचं प्लॅस्टिकचं वेष्टण आतून वितळून तारेला चिकटलं होतं. विजेला परत जायला रस्ता नाही, म्हणून ती मिळेल त्या लोखंडातून जात होती. ॲक्सिलरेटरची बारीक तार, चोकची तार, जे जे इंजिनला आणि बॉडीला जोडलेलं होतं त्यातून. म्हणून केबल तापून जड झाली होती. आठवडाभर गाडी स्वतःच सांगत होती आणि आम्ही तिला वेगळं दुखणं समजून वेगळा खर्च करत होतो. तुमच्या गाडीत सेल्फ मारल्यावर चोक, क्लच किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली, जळका वास आला, तर आधी अर्थ बघा. हे आगीपर्यंत जाऊ शकतं.

दुपारचं कोडंही सुटलं. जानेवारीच्या पहाटे तेल घट्ट असतं, रात्रभर थंड इंजिन फिरवायला सेल्फला जास्त जोर लागतो. अकरा वाजता गाडी अकरा गावं फिरून, उन्हात उभी राहून गॅरेजला यायची. कोमट इंजिन त्या पावणेसात-सात व्होल्टवरही फिरून जायचं.

उजाडल्यावर पट्टी काढली. वरून बरी दिसत होती. थिंबलच्या तोंडाशी दाबून बघितली तर आत हिरवा गंज आणि तारांचा भुगा. पंचवीस वर्षांची पट्टी. जुनं इंजिन काढताना एका बाजूने मोकळी करून दुमडून ठेवली होती, नवं बसवल्यावर उलगडून पुन्हा आवळली. तेवढ्यात उरल्यासुरल्या तारा गेल्या. दोन दिवस रेटलं, मग संपलं.

चाचा काही न बोलता बघत राहिले. मग म्हणाले, “इंजिन उतरवलं की पट्टी नवी टाकायची, हे मला माहीत आहे. शंभर गाड्यांना टाकली असेल. हिला नाही टाकली.” पुढे काही सफाई दिली नाही.

दुकान उघडल्यावर नवी जाड पट्टी आणली, दोनशे साठ रुपये. बॉडीच्या बाजूला तारेच्या ब्रशने रंग खरवडून उघड्या लोखंडावर बसवली. पोराने हट्टाने आणखी एक केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला टाकली. पुन्हा मोजलं. मायनसच्या बाजूचा तोटा ४.१ वरून ०.१५. गंमत म्हणजे सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट आता ११.२ ऐवजी १०.४ दिसले. अण्णा घाबरले, कमी कसे झाले? पोरगं म्हणालं, आता सेल्फ पोटभर पितोय. ९.६ च्या खाली गेले तर काळजी करायची.

जाता जाता नव्या गाड्यांबद्दल. कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत इंजिन बदलल्यावर हीच पट्टी आणखी महत्त्वाची, कारण सेन्सर आणि कॉम्प्युटर यांनाही अर्थ लागते. ती कच्ची असेल तर स्कॅनर भलत्याच सेन्सरची नावं दाखवतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात. चावीत चिप असलेल्या गाडीत चावी आणि कॉम्प्युटरची ओळख जुळली नाही तर सेल्फ फिरतो पण गाडी पेटत नाही. पोराचं म्हणणं, बदललेल्या इंजिनाच्या तक्रारीत तो आधी इंजिन बघतच नाही. इंजिन काढताना काय काय सोडवलं होतं त्याची यादी करतो, आणि तीच यादी परत तपासतो.

एक काम अजून बाकी होतं आणि त्याची मुदत संपत आली होती. इंजिन बदललं की ते आरटीओला कळवून आर.सी.वर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्यासाठी चौदा दिवस दिलेत. पाच तारखेपासून बारा झाले होते. अण्णांना हे माहीतच नव्हतं. चाचा म्हणाले, गावात कुणीच करत नाही. तेही खरंच. पण नंबर चढवलेला नसला की उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. आणि ‘चोरीचं इंजिन’ असं कुणी म्हणालं तर दाखवायला हातात काही नसतं. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच जातीचं होतं, त्यामुळे अडचण नव्हती. वेगळ्या जातीचं किंवा जास्त ताकदीचं बसवणाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला शिक्षा आहे. आम्ही त्याच दिवशी ऑनलाइन अर्ज भरला, बिल जोडलं, फी भरली. गाडी घेऊन आरटीओला कोण जाणार? पन्नास किलोमीटर. अण्णा म्हणाले, चाचांनी यावं, इंजिनचं काही विचारलं तर मला सांगता येणार नाही. दोघं एकाच सीटवर बसून गेले.

ग्रुपचं काय झालं ते सांगतो. मी ॲडमिनला बिलाचा फोटो, पोलीस ठाण्यात विचारलेल्याची माहिती आणि पहाटेचा व्हिडिओ पाठवला. केबल लावली की चालू, काढली की बंद, असं तीनदा स्पष्ट दिसतंय त्यात. उत्तर आलं, ‘बघतो सर.’ दोन आठवडे झाले. मजकूर तिथेच आहे. बिलाबद्दल एकाने खाली लिहिलं, बिलं काय कुणीही बनवतं. अण्णांनी स्वतः ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, की माझी फसवणूक झाली नाही, गाडी चालू आहे. त्याला तीन अंगठे आले. पहिल्या मजकुराला एकशे चाळीस होते.

माझ्या पेपरला मी याची बातमी दिली. डेस्कने विचारलं, यात बातमी काय आहे, गाडी दुरुस्त झाली एवढंच ना? चार ओळी आल्या, आतल्या पानावर. म्हणून इथे सविस्तर लिहिलं. यापुढे कुणी मला हा फोटो पाठवून ‘बातमी लावा’ म्हणालं, तर त्याला या पोस्टची लिंक पाठवणार आहे.

चाचांकडून अर्धवट नेलेली ती गाडी अजून परत आलेली नाही. ती ज्या गॅरेजला उभी आहे त्याचा मालक परवा चाचांच्या पोराला विचारत होता, खोलताना कुठला स्क्रू कुठे ठेवलाय. पोराने जाऊन सांगितलं. पोराला चाकणला नोकरीचं बोलावणं आलंय. जाऊ की नको, यावर घरात चर्चा चालू आहे. चाचा त्याला थांब म्हणत नाहीत आणि जा असंही म्हणत नाहीत.

इंजिनचे बाकी सहा हजार अण्णांनी परवा नेऊन दिले. चाचांनी त्यातून सेल्फ भरल्याचे अठराशे, केबलचे पैसे आणि पट्टीचे दोनशे साठ काढून परत केले. बॅटरीवरून मात्र दोघांचं जुळलं नाही. अण्णा म्हणतात बॅटरी तशीही चार वर्षांची झाली होती, ती माझ्याच नावावर राहू द्या. चाचा म्हणतात, मी सांगितलं म्हणून तुम्ही घेतली. काल संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो वाद अजून चालूच होता.